तुंग वा: मरायला जागा नव्हती म्हणून बांधलेलं हॉस्पिटल

हाँगकाँगमध्ये ताई पिंग शान नावाचा एक जुना भाग आहे, डोंगराच्या उतारावरचा. नावाचा अर्थ साधारण शांततेचा डोंगर. तिथे एका चढाच्या गल्लीत क्वाँग फुक म्हणून एक छोटंसं देऊळ आहे, १८५१ सालचं. देऊळ म्हणतोय खरं, पण आत मुख्य काय असायचं तर लाकडी पाट्या, गेलेल्या माणसांच्या नावाच्या. म्हणजे कसं, चीनमधल्या एखाद्या खेड्यातून कोणी हाँगकाँगला पोट भरायला आला, गोदीत हमाली केली, आजारी पडला आणि गेला, तर त्याच्या नावाने उदबत्ती लावणारं इथे कोण? घरदार सगळं तिकडे. मग निदान नावाची पाटी तरी कुठेतरी नीट ठेवलेली असावी, कधी गावचं कोणी आलंच तर घेऊन जाईल, म्हणून ही जागा.

पुढे काय झालं, पाट्यांच्या शेजारी माणसंच येऊन पडायला लागली. जिवंत माणसं. कारण भाड्याच्या खोलीत कोणी मेलं की ती खोली अशुभ, पुढे भाडेकरू मिळत नाही, त्यामुळे भाडेकरूचं काही खरं नाही असं दिसलं की मालक त्याला आधीच बाहेर काढायचा. आणि बाहेर काढलेला, अंगात ताप असलेला, खिशात दमडी नसलेला माणूस जाणार कुठे, तर या देवळात. इथे औषध नव्हतं, वैद्य नव्हता, फक्त छप्पर होतं.

१८६९ मध्ये आल्फ्रेड लिस्टर नावाचे एक इंग्रज अधिकारी तपासणीला आत गेले तेव्हा त्यांना दिसलं की मरायला टेकलेली माणसं आणि मेलेली माणसं शेजारी शेजारी पडलीयेत. बातमी फुटली, इंग्रजी पेपरांत गहजब झाला, ब्रिटिश राज्यात असं कसं काय वगैरे. हाँगकाँग तेव्हा जवळपास तीस वर्षं ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. आणि या तीस वर्षांत गरीब चिनी माणसाने आजारी पडल्यावर कुठे जायचं याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, हे त्या एका दिवशी सगळ्यांना कळलं.

आता तुम्ही म्हणाल सरकारी हॉस्पिटल नव्हतं का. होतं ना. पण चिनी लोक तिथे पाय ठेवायला तयार नव्हते, आणि याला नुसतं अडाणीपणा म्हणून सोडून देणं मला अजिबात पटत नाही. विचार करा, तुमची भाषा डॉक्टरला येत नाही, त्याची तुम्हाला येत नाही, जेवण वेगळं, तो हातात सुरी घेऊन उभा, आणि तुम्ही मेलात तर तुमचं पोट फाडून बघणार. चिनी समजुतीप्रमाणे शरीर हे आईबापांनी दिलेलं देणं, ते अखंड परत करायचं, मेल्यानंतरसुद्धा. त्यात पोस्टमॉर्टेम म्हणजे विटंबनाच की. मरणापेक्षा लोकांना त्या टेबलाची भीती जास्त होती.

तेव्हाचे गव्हर्नर होते रिचर्ड मॅक्डॉनेल. त्यांच्याकडे पैसा होता, आणि तो कुठून आला तर जुगाराच्या अड्ड्यांना दिलेल्या परवान्यांमधून, ज्याबद्दल लंडनमध्ये भरपूर नाराजी होती. तो पैसा या कामाला लावला, सरकारने जमीन दिली, आणि बाकी भार उचलला चिनी व्यापाऱ्यांनी. हे व्यापारी कोण, तर बरेचसे कॉम्प्रदोर, म्हणजे इंग्रज कंपन्यांचं चिनी लोकांशी असलेलं सगळं देणंघेणं सांभाळणारे, आपल्या मुंबईत जसे दुभाष असायचे तसे. पहिले अध्यक्ष ल्युंग ऑन हे असेच कॉम्प्रदोर. १८७० मध्ये कायदा झाला, पायाभरणी झाली, आणि १४ फेब्रुवारी १८७२ ला हॉस्पिटल उघडलं. नाव तुंग वा. क्वाँगतुंग प्रांतातला तुंग, आणि वा म्हणजे चिनी माणसं.

मुंबईकरांना यात ओळखीचं काही वाटेल. आपलं जेजे हॉस्पिटल १८४५ मध्ये सुरू झालं ते जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतून, आणि जमशेटजींची संपत्ती बरीचशी चीनच्या व्यापारातली, कापूस आणि अफू. ही दोन बंदरं एकमेकांना बरीच आधीपासून ओळखत होती. ते पुढे परत येईलच.

तर तुंग वामध्ये उपचार काय व्हायचे? फक्त चिनी वैद्यक. दालनात शेननोंगची पूजा, हा शेननोंग म्हणजे चिनी परंपरेत ज्याने शेकडो वनस्पती स्वतः चाखून औषधं शोधली असं मानतात तो. वैद्य यायचे, दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून नाडी बघायचे, जीभ बघायचे, आणि चिठ्ठी लिहून द्यायचे. मग औषधखान्यात वनस्पती तोलून काढा उकळायचा. आपल्याला हे समजायला फार लांब जावं लागत नाही, आपल्याकडेही वैद्य नाडीच बघायचे आणि काढाच द्यायचे. सगळं फुकट. आणि पेशंट मेला तर शवपेटी आणि दफनही हॉस्पिटलकडून. ही शेवटची गोष्ट किती मोठी होती हे देवळातला प्रकार ऐकल्यावर वेगळं सांगायला नको.

देवीची लससुद्धा तुंग वा टोचायचं, आणि ही गंमत बघा, लस तर पश्चिमेकडची. पण ती चीनमध्ये १८०५ पासून होती, कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगझो शहरात, ब्रिटिश डॉक्टरांनी चिनी माणसांना शिकवलेली, आणि पुढे चिनी माणसंच चिनी माणसांना टोचत होती, त्यामुळे ती परकी राहिलीच नव्हती. म्हणजे औषध परदेशी आहे हा लोकांचा मुद्दा नव्हताच फारसा. देणारा कोण, आणि देताना तो तुम्हाला धरून ठेवतो का विचारतो, हा मुद्दा होता.

आजार कोणते यायचे? ताप, क्षय, जुलाब, आणि बेरीबेरी भरपूर. बेरीबेरीत पाय सुजतात, बधिर होतात, मग हृदय थकतं. गोदीतला मजूर पांढराशुभ्र पॉलिश केलेला तांदूळ आणि जेमतेम तोंडीलावणं एवढ्यावर जगायचा, आणि तांदळाचा कोंडा काढला की त्यातलं बी वन जीवनसत्त्व जातं. हे तेव्हा ना चिनी वैद्याला माहिती होतं ना इंग्रज डॉक्टरला. जावामध्ये आइकमन नावाच्या डच डॉक्टरला कोंबड्यांवरून याचा सुगावा लागला तो १८९० च्या दशकात. त्यामुळे इंग्रज अधिकारी जेव्हा लिहायचे की तुंग वात फार माणसं मरतात, तेव्हा एक लक्षात ठेवायचं, की तिथे माणसं बऱ्याचदा शेवटच्या टप्प्यात आणली जायची. घरमालकाच्या दारातून उचलून थेट इथे.

आणि मग १८९४ आलं.

प्लेग दक्षिण-पश्चिम चीनमधल्या युन्नानमध्ये बरीच वर्षं धुमसत होता. १८९४ च्या सुरुवातीला तो कँटनमध्ये पेटला, आणि कँटन ते हाँगकाँग म्हणजे नदीतून बोटीचा एका दिवसाचा प्रवास, रोज हजारोंची ये-जा. मे महिन्यात सरकारी हॉस्पिटलचे तरुण डॉक्टर जेम्स लॉसन यांना पहिला पेशंट दिसला, ते नुकतेच कँटनला जाऊन ही साथ डोळ्यांनी बघून आले होते त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. १० मे ला ते तुंग वात गेले तर तिथे वीसेक पेशंट आधीच पडलेले. प्रचंड ताप, बरळणं, आणि जांघेत नाहीतर काखेत गाठ.

या भागातली घरं कशी होती ते डोळ्यांसमोर आणा. एका खोलीचे लाकडी फळ्या मारून खण केलेले, एकेका खणात एक कुटुंब, मागच्या घराची भिंत आपल्या भिंतीला चिकटलेली, खिडकी नाही, गटार धड नाही, काही घरांत डुकरंसुद्धा. १८८२ मध्येच ऑस्बर्ट चॅडविक नावाच्या इंजिनियरने रिपोर्ट लिहून सांगितलं होतं की हे असं चालणार नाही. घरमालकांनी विरोध केला, सरकारनेही फार जोर लावला नाही, आणि बारा वर्षं गेली. ही बारा वर्षं मला फार बोचतात, कारण साथ आल्यावर दोष मात्र खणात राहणाऱ्यांच्या घाणेरड्या सवयींना दिला गेला.

सरकारने काय केलं, तर श्रॉपशायर रेजिमेंटचे सोल्जर घरोघर पाठवले. झडती घ्यायची, आजारी दिसला की उचलायचा, सामान बाहेर काढून जाळायचं, भिंतींना चुना मारायचा. त्यांचे फोटो आहेत, पांढऱ्या कपड्यांतले सोल्जर, मागे घरातला पसारा रस्त्यावर. यातले काही सोल्जरही प्लेगने आजारी पडले, त्यांचा एक कॅप्टन गेला, हेही सांगितलं पाहिजे. पेशंटना न्यायचं कुठे, तर बंदरात नांगरलेल्या हायजिया नावाच्या जहाजावर. आता पाण्यावरचं जहाज, भोवती गोरे लोक, भेटायला जाता येत नाही, आणि गेलेलं माणूस बहुतेक परत येत नाही. मेल्यावर चुना टाकून दफन, म्हणजे पेटी गावी न्यायचीही सोय नाही. लोकांनी काय समजायचं?

अफवा उठल्या. की परदेशी डॉक्टर लहान मुलांचे डोळे काढून त्याचं औषध करतात. कँटनमध्ये तसली पत्रकं लागली. बायकांच्या खोल्यांत परके पुरुष घुसतात याचा राग तर होताच, आणि तो राग अफवा नव्हता.

२० मे ला तुंग वाच्या दालनात सभा झाली. लोकांची मागणी साधी होती, घरांची झडती घेणं बंद करा, आमची माणसं जहाजावरून तुंग वात आणा, आणि ज्यांना कँटनला जायचंय त्यांना जाऊ द्या. अध्यक्ष लाऊ वाई-चुएन यांची अवस्था मला फार वाईट वाटते, कारण सरकार त्यांना म्हणत होतं तुमच्या लोकांना समजवा, आणि लोक म्हणत होते तुम्ही सरकारचे. त्यांच्या पालखीवर जमाव धावून गेला. गव्हर्नर विल्यम रॉबिन्सन यांनी ट्वीड नावाची गनबोट, म्हणजे तोफा असलेलं लढाऊ जहाज, या वस्तीसमोर आणून उभी केली. हॉस्पिटलच्या प्रश्नावर गनबोट! यावरूनच कळतं किती टोकाला गेलं होतं.

पण शेवटी सरकारला थोडं नमावं लागलं. केनेडी टाउनमध्ये एक रिकामा काच कारखाना होता, तिथे तुंग वाच्या देखरेखीखाली, चिनी वैद्यांच्या हाताखाली पेशंट ठेवायची परवानगी मिळाली. आतला फोटो आहे, तो नीट बघा. मोठा शेड, जमिनीवर चटया, त्यावर ओळीने माणसं. लॉसन यांनी या जागेबद्दल फार कडक लिहिलंय, की घाण, पाणी नाही, शुश्रूषा नाही. आणि ते खोटं नसणार, पेशंट इतके होते की कोणाच्याच हातात काही राहिलं नव्हतं. पुढे लोकांना बोटींतून कँटनला जायलाही सोडलं. अंदाजे ८०,००० माणसं त्या उन्हाळ्यात हाँगकाँग सोडून गेली. भरलेलं शहर रिकामं झालं.

आता उपचारांचं बोलू, कारण खरा प्रश्न इथेच आहे. इंग्रज डॉक्टरांकडे प्लेगवर काय होतं? ब्रँडी, म्हणजे हृदयाला उत्तेजना म्हणून. डोक्यावर बर्फ. तापासाठी त्या काळची औषधं. गाठ पिकली तर चिरून पू काढणं. बास. चिनी वैद्यांकडे काय होतं? १८९१ मध्येच क्वाँगतुंगमधल्या लुओ रुलान नावाच्या वैद्याने प्लेगवरचे उपाय गोळा करून छापले होते, त्यात मुख्य काढा जो आहे त्यात पीचच्या बियांचा गर, करडईची फुलं, ज्येष्ठमध वगैरे. त्यामागचा विचार असा की विषाने रक्त घट्ट होऊन साकळलंय, ते वाहतं करायचं. दोन्हीकडे चिनी पेशंटमधले दहातले नऊ मरत होते. आज आपल्याला माहितीये की अँटिबायोटिकशिवाय या आजाराला काही नव्हतं, आणि ती यायला अजून पन्नासेक वर्षं होती. म्हणजे जहाजावर जबरदस्तीने नेऊन जे दिलं जात होतं तो इलाज नव्हता. ते वेगळं ठेवणं होतं फक्त. आणि त्या बदल्यात माणसाकडून त्याचं शेवटचं सगळं काढून घेतलं जात होतं, घरचे, भाषा, काढ्याचा ओळखीचा वास.

एक गोष्ट मला चुकवायची नाहीये. प्लेगला चिनी भाषेत जे नाव आहे त्यात उंदीर आहे. शू-यी, शू म्हणजे उंदीर, यी म्हणजे साथ. युन्नानच्या, क्वाँगतुंगच्या लोकांना कधीपासून माहिती होतं की आधी उंदीर मरतात मग माणसं. आपल्याकडेही पुढे म्हणायला लागले की नाही, उंदीर पडले, घर सोडा. तसंच. नावातच निदान होतं आणि सोल्जर चुना मारत होते भिंतींना.

जून महिन्यात दोन शास्त्रज्ञ आले. जपानहून कितासातो, जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांचे शिष्य, मोठी टीम, लॉसन यांनी त्यांना सगळी सोय करून दिली. तीनच दिवसांनी व्हिएतनामहून अलेक्झांडर येर्सिन आले, पाश्चरच्या परंपरेतले, तीस वर्षांचे, एकटे. त्यांना प्रेतं बघायलाही मिळेनात. हॉस्पिटलच्या आवारात गवताने शाकारलेली एक झोपडी बांधून घेतली त्यांनी, आणि शवागारावर जे खलाशी पहाऱ्याला होते त्यांना पैसे देऊन आत शिरून गाठेचा तुकडा कापून आणला. कितासातो रक्तात शोधत होते, येर्सिन गाठीत. शिवाय कितासातोंकडे ३७ अंशांचा इन्क्युबेटर होता, येर्सिनकडे काहीच नव्हतं, झोपडीतलं तापमान तेवढं, आणि प्लेगच्या जंतूला नेमकी थोडी कमी उष्णता आवडते. तो जंतू आज येर्सिनच्याच नावाने ओळखतात. येर्सिन यांनी मेलेल्या उंदरांमध्येही तोच जंतू दाखवला. कितासातोंबरोबर आलेले डॉक्टर आओयामा शवविच्छेदन करता करता स्वतः प्लेगने आजारी पडले, वाचले कसेबसे.

आणि ज्यांच्या गाठी कापल्या त्यांची नावं कुठे आहेत? शवविच्छेदनाची जी भीती होती, जिला अडाणीपणा म्हटलं गेलं, तेच त्या शवागारात घडत होतं, घरच्यांना न विचारता, खलाशाला चार पैसे देऊन. यातून जे ज्ञान मिळालं त्याने पुढे लाखो जीव वाचले, हे शंभर टक्के खरं आहे. पण मला हे दोन्ही एकत्रच सांगायचंय, एक सांगून दुसरं गाळायचं नाहीये.

साधारण अडीच हजार माणसं गेली त्या वर्षी हाँगकाँगमध्ये. आणि मग जहाजातून तो जंतू आपल्याकडे आला, बहुतेक हाँगकाँगहूनच असं मानतात. सप्टेंबर १८९६, मुंबई, मांडवी. ओळखला तो अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी. पुढचं तुम्हाला माहितीये, पण आता तुंग वा डोक्यात ठेवून परत आठवा. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड हॉस्पिटलवर चालून गेला. अफवा काय होती? की हॉस्पिटलमध्ये माणसांना उलटं टांगून मोमियाई काढतात, म्हणजे माणसाच्या अंगातून काढलेलं औषध. हाँगकाँगमध्ये डोळे, इथे मोमियाई. पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसले, देवघरापर्यंत, बायकांना बाहेर काढून तपासलं, आणि २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, प्लेगच्या पेशंटची सेवा करता करता. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता, पुण्याबाहेर माळावर त्याने दवाखाना काढला होता, आणि तिथे पेशंटला कोणी सोल्जर आणत नव्हता. येर्सिन स्वतः १८९७ मध्ये मुंबईत आले होते, त्यांचं सीरम घेऊन, पण त्याचा फार उपयोग झाला नाही. हाफकिन यांची प्लेगची लस तेव्हा भायखळ्यात तयार होत होती. आणि उंदराकडून माणसाकडे तो पिसवेतून येतो हे १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं. भारतात पुढच्या काही दशकांत एक कोटीच्या वर माणसं मेली.

हाँगकाँगमध्ये त्या वस्तीचा मोठा भाग सरकारने ताब्यात घेऊन पाडला, आज तिथे ब्लेक गार्डन आहे, झाडं, बाकं, संध्याकाळी मुलं खेळतात. तुंग वाचं काय करायचं यावर १८९६ मध्ये चौकशी बसली. काही जणांना ते बंदच करायचं होतं. बंद नाही केलं, पण एक पाश्चिमात्य वैद्यक शिकलेले चिनी डॉक्टर नेमले, चुंग किंग-यू. आणि नियम असा केला की पेशंट दारात आला की त्याला विचारायचं, तुला कुठलं औषध हवं, चिनी की पाश्चिमात्य. पहिल्यांदा बहुतेक जण काढाच मागायचे. कोणी रागवायचं नाही. मग पुढच्या वर्षांत हळूहळू दुसऱ्या बाजूचा आकडा वाढत गेला, कुठल्याही गनबोटीशिवाय, कारण डॉक्टर कँटनी बोलत होता आणि कोणी ओढून नेत नव्हतं.

तुंग वाने १८९९ मध्ये सँडी बे इथे समुद्राकाठी पेट्या ठेवायची एक मोठी जागा बांधली. त्याआधीची लहान होती, पुरत नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोहून, ऑस्ट्रेलियाहून, जिथे जिथे चिनी माणूस रेल्वे बांधायला नाहीतर सोनं खणायला गेला तिथून जहाजाने अस्थी यायच्या, पेट्यांत, वर नाव आणि गावाचं नाव लिहिलेलं. तुंग वाचे लोक त्या उतरवून घ्यायचे, नोंद करायचे, आणि त्या त्या गावी कळवायचे की तुमचा माणूस आलाय, येऊन घेऊन जा. बरेच जण यायचे. ज्यांच्यासाठी कोणी आलं नाही, अशा काही पेट्या अजूनही तिथे ठेवलेल्या आहेत.